घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी निवासी काळजी केंद्र शोधताना: पहिल्यांदाच शोध घेणाऱ्या कुटुंबांसाठी

वडिलांना पक्षाघात झाला आणि रुग्णालयातील अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की औषधोपचाराचा भाग आता संपत आला आहे, यापुढे लागणार आहे ती शुश्रूषा. उजवी बाजू लुळी, गिळायला त्रास, लघवीसाठी कॅथेटर, घरात चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि आम्ही दोघे नोकरीवर, अशी आमची स्थिती होती. पुण्यात चार दिवसांत सहा केंद्रे पाहिली आणि त्यांतील पहिली तीन पाहताना आपण नेमके काय पाहायचे आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पुढच्या दीड वर्षात जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे, कारण बहुतेक कुटुंबांवर ही वेळ पूर्वसूचना न देता येते आणि निर्णय मात्र दोन-चार दिवसांत घ्यावा लागतो.

पहिली पायरी: पाटीवरचा शब्द आणि आतली सेवा वेगळी असते, हे लक्षात घ्या

महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हटले की दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी मुले मात्र "आईसाठी एखादे नर्सिंग होम बघ" असे फोनवर म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारे निवासी केंद्र असते. या एका शब्दावरून भावंडांमध्ये गैरसमज झालेले मी पाहिले आहेत, म्हणून सुरुवातीलाच आपण कशाबद्दल बोलत आहोत ते घरात स्पष्ट करून घ्यावे.

कायद्यातील शब्द शुश्रूषागृह असा आहे. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा असून तो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा त्याच्या व्याख्येत येते. म्हणजे नाकातून नळी घातलेले, जखमांचे ड्रेसिंग लागणारे रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राने, पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी, ही नोंदणी दाखवायला हवी. निव्वळ राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमाची गोष्ट वेगळी; तो बहुधा धर्मादाय न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेला असतो. केअर सेंटर, सेवासदन, आनंदाश्रम, सिनिअर लिव्हिंग या नावांना कायद्यात ठरावीक अर्थ नाही, त्यामुळे त्यांवरून काहीही गृहीत धरू नये.

दुसरी पायरी: गरज कागदावर लिहून काढा

केंद्रांना फोन करण्याआधी एका कागदावर सहा कामे लिहा: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाला जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. प्रत्येकासमोर "स्वतः करतात", "थोडी मदत लागते" किंवा "पूर्ण मदत लागते" यांपैकी एक लिहा. जगभरचे वृद्धरोग तज्ज्ञ हीच सहा कामे पाहतात आणि केंद्राचे दरही प्रत्यक्षात यांवरच ठरतात. त्याखाली रात्री किती वेळा उठवावे लागते, कोणत्या नळ्या आहेत, त्वचा कुठे लाल झाली आहे का, औषधे किती वेळा द्यावी लागतात, स्मरणशक्ती कशी आहे आणि घराबाहेर निघून जाण्याची सवय आहे का, हे लिहा.

हा कागद प्रामाणिकपणे भरणे अवघड जाते. "बाबा तसे सगळे स्वतःच करतात" असे सांगण्याकडे आपला कल असतो, कारण तसे म्हटले की आपल्यालाच धीर येतो. परंतु गरज कमी सांगून प्रवेश मिळवला, तर आठवड्याभरात केंद्राकडून "हे आमच्याकडे जमणार नाही" असा फोन येतो आणि आधीच खचलेल्या माणसाला पुन्हा हलवावे लागते.

ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यांचे मत त्याच कागदावर पहिल्या ओळीत असले पाहिजे. बोलता येत नसेल तर मान हलवून, हात दाबून ते सांगता येते. खोलीत एकटे राहायला आवडेल की सोबत, जेवण कसे लागते, देवपूजा किंवा नमाज यांची वेळ कोणती, कोणाला रोज भेटावेसे वाटते, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. ज्या व्यक्तीला सारासार विचार करता येतो तिला तिच्या मनाविरुद्ध कुठेही ठेवण्याचा अधिकार मुलांना नाही, हेही या ठिकाणी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

तिसरी पायरी: आपल्याला कोणत्या प्रकारचे केंद्र हवे ते ठरवा

धर्मादाय वृद्धाश्रम हा आपल्याकडचा सर्वांत जुना प्रकार आहे. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, म्हणजे लोक ज्याला "निवारा" म्हणतात ती संस्था, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. राज्य शासनाच्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेतील आश्रमही आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यातील १९ वे कलम तर गरजू ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात किमान १५० जणांचा एक वृद्धाश्रम असावा असे सांगते. अशा ठिकाणी चौकशी करताना एकच प्रश्न निर्णायक ठरतो: आज हिंडते-फिरते असलेले माणूस उद्या अंथरुणाला खिळले तर तुम्ही काय करता? बऱ्याच वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जातच "स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश" अशी ओळ असते. त्यात संस्थेचा दोष नाही, तिच्याकडे तेवढे मनुष्यबळ नसते. पण ती ओळ आपण आधी वाचलेली असली पाहिजे.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींमध्ये, पुण्यातील अथश्रीसारख्या प्रकल्पांमध्ये, स्वतःचे किंवा भाड्याचे घर असते आणि भोजनगृह, डॉक्टरांची फेरी, रुग्णवाहिका अशा सोयी जोडीला मिळतात. बऱ्यापैकी प्रकृती असलेल्या जोडप्यांना हा पर्याय मानवतो. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. चाकाची खुर्ची जाईल असे किमान ९०० मिलिमीटरचे दरवाजे, स्नानगृहातील आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी यांचा त्यांत विचार आहे. घर पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी. मात्र ही घरे आहेत, शुश्रूषा केंद्रे नव्हेत; गंभीर आजारपणात घरी परिचारिका ठेवण्याचा खर्च वेगळा येतो.

त्यापुढचा टप्पा म्हणजे मदतीसह निवास. इथे अंघोळ, औषधे, चालणे यांसाठी माणूस असतो, पण चोवीस तास परिचारिका असेलच असे नाही. अंथरुणावरील रुग्णांसाठीचे शुश्रूषा केंद्र त्याहून वेगळे असते: तिथे रात्रपाळीलाही नोंदणीकृत परिचारिका, ऑक्सिजन, घशातील कफ ओढून काढणारे सक्शन मशीन, एअर बेड आणि बोलावल्यावर येणारा डॉक्टर असायला हवा. वडिलांना लागणारे केंद्र हे होते आणि आम्ही पहिले दोन दिवस मदतीसह निवासाच्या जागा पाहत फिरलो.

पक्षाघात किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारणेला वाव असेल, तर थेट कायमच्या केंद्राचा विचार करू नये. पुनर्वसन केंद्रात काही आठवडे राहून रोजची फिजिओथेरपी, बोलण्याचे व गिळण्याचे व्यायाम घेता येतात. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेच्या दृष्टीने फार मोलाचे असतात आणि ते नुसते खाटेवर गेले तर हानी मोठी होते. रुग्णालयातून सोडतेवेळी मेंदूविकार तज्ज्ञांना हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठीची जागा निवडताना मी सर्वांत कडक राहीन. तिथे बंद पण मोकळे फिरता येईल असे आवार हवे, रोज तेच चेहरे हवेत आणि संध्याकाळी होणारी घालमेल ओळखणारे कर्मचारी हवेत. व्यसनमुक्तीचे, मनोरुग्ण आणि स्मृतिभ्रंशाचे वृद्ध एकाच दालनात ठेवणारी केंद्रे आहेत. तिथून परत फिरावे. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. "रात्री हात बांधता का?" हा प्रश्न संकोच न करता थेट विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर परिहारक (पॅलिएटिव्ह) सेवेचा, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या काळजीचा मार्ग खुला आहे आणि तो फार कमी कुटुंबांना वेळेवर सांगितला जातो. वांद्र्यातील शांती आवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना सांभाळते. गोव्यातही त्यांचे केंद्र आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहारक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची विनामूल्य काळजी घेते. वेदना आटोक्यात ठेवणे हे तिथले मुख्य काम असते.

काळजी घेणाऱ्याच्या शस्त्रक्रियेपुरता किंवा प्रवासापुरता आठ-पंधरा दिवसांचा मुक्कामही अनेक केंद्रे देतात. कायमचा निर्णय होत नसेल तर अशा मुक्कामाने सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

चौथी पायरी: कागदपत्रे मागा

मागताना अवघडून जाऊ नका. चांगले केंद्र ती भिंतीवरच लावते. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते, तेव्हा त्यावरील मुदत आणि खाटांची संख्या वाचा आणि प्रत्यक्ष खाटा मोजा. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात लावणे अपेक्षित आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू असल्याचा "नमुना ब" दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, घ्यावा लागतो. सर्वांत ताजा दाखला पाहा. अंथरुणावरची माणसे जिना उतरू शकत नाहीत, म्हणून आग लागल्यास तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णांना खाली कसे आणणार हेही विचारा.

"आमच्याकडे सिस्टर आहेत" या वाक्याचे अनेक अर्थ होतात. जीएनएम किंवा एएनएम हे परिचारिकांचे प्रशिक्षण घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली परिचारिका वेगळी आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली किंवा काहीही न केलेली मदतनीस वेगळी. दोघींचीही गरज असते, पण इन्सुलिन, नळी बदलणे, जखमेचे ड्रेसिंग ही कामे कोण करते हे नावानिशी कळले पाहिजे. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, हा आकडा दिवसाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

पाचवी पायरी: दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा न कळवता जा

पहिली भेट व्यवस्थापक दाखवतील तशी पाहावी. दुसरी भेट दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवावी. दारात लघवीचा वास येतो का, हे सर्वप्रथम जाणवते. फिनेलचा दाट दर्प आला, तर तोही विचार करायला लावणारा आहे.

आम्ही पाहिलेल्या एका केंद्रात इमारत नवी होती, भिंतींवर निसर्गचित्रे होती आणि प्रत्येक खाटेला बोलावण्याची बेल होती. एका आजोबांच्या खाटेपाशी थांबलो तेव्हा लक्षात आले की बेलची वायर डोक्याकडच्या दांडीला तीन वेढे देऊन वर गुंडाळून ठेवली आहे आणि बटण त्यांच्या हाताला लागणे शक्यच नाही. सोबत आलेल्या मॅडम म्हणाल्या, "ते सारखे वाजवतात हो." त्या उत्तरानंतर आम्हाला तिथे पुढे काही पाहायची गरज उरली नाही.

शेवटी जिथे वडिलांना ठेवले ते जुन्या बंगल्यातले चौदा खाटांचे केंद्र होते, रंग उडालेले. जेवणाच्या वेळी एक मावशी एका आजींना पातळ खिमटी भरवत होत्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या, म्हणजे त्यांचे डोळे आजींच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. पाठीशी उशा लावून आजींना सरळ बसवलेले होते, हनुवटी किंचित खाली होती; मावशी अर्धा चमचा देत, गळ्याची हालचाल पाहत, मग "झालं का?" असे विचारून पुढचा चमचा उचलत. त्या एका वाडग्याला वीस-पंचवीस मिनिटे लागली. पक्षाघाताच्या रुग्णाला उभ्याने घाईघाईत भरवले की घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो, हे आम्हाला रुग्णालयात सांगितले होते. त्या मावशींना ते कोणी शिकवले होते, की अनुभवाने समजले होते, हे मी विचारले नाही; निर्णय मात्र तिथेच झाला.

स्वतःच्या डोळ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि त्याची नोंद खाटेजवळच्या तक्त्यावर होते. तक्त्यावर संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या वेळा दुपारीच एका शाईत भरलेल्या असतील, तर ती नोंद कामाची नाही. दुसरी गोष्ट कचऱ्याची: वापरलेल्या सुया, कॅथेटर, ड्रेसिंगचा कापूस यांसाठी लाल, पिवळे असे वेगवेगळे डबे असणे जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी बंधनकारक आहे. सगळे एकाच बादलीत जात असेल तर संसर्गाबाबतची शिस्तही तशीच असण्याची शक्यता मोठी.

तिथे आलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी फाटकाबाहेर पाच मिनिटे बोला. माहितीपत्रकातून जे कळत नाही ते तिथे कळते.

सहावी पायरी: पैशांचा हिशेब

सर्वांत मोठा धक्का विम्याचा बसतो. आपल्याकडील आरोग्य विमा पॉलिसींत "विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती काळजी" असे एक प्रमाणित अपवाद-कलम असते आणि अंघोळ घालणे, कपडे बदलणे, चालवणे अशा वैयक्तिक मदतीसाठीचा खर्च, ती घरी घेतली असो वा केंद्रात, परिचारिकेने दिली असो वा मदतनिसाने, त्यात वगळलेला असतो. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतअंतर्गत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. केंद्रातील मुक्कामाचे पैसे त्यातून मिळत नाहीत. म्हणजे हा खर्च निवृत्तिवेतन, ठेवी आणि मुलांचा वाटा यांतूनच उभा करावा लागतो, आणि किमान दोन-तीन वर्षांचे गणित मांडूनच केंद्र निवडावे.

आम्हाला फोनवर सांगितलेला दर २८ हजार होता. पहिल्या महिन्याचे बिल ३७ हजार झाले. डायपर, हातमोजे, एअर बेडचे भाडे, फिजिओच्या फेऱ्या, डॉक्टरांची भेट, मऊ आहाराचा अधिभार हे सारे वेगळे होते. त्यात फसवणूक नव्हती, आम्ही विचारले नव्हते एवढेच. म्हणून मासिक दरात काय येते आणि काय येत नाही याची यादी लेखी घ्या, डायपर बाहेरून आणून दिले तर चालतील का ते विचारा (आम्ही पुढे पाकिटावर मार्करने नाव घालून देऊ लागलो), आणि दरवर्षी किती वाढ होते तेही लिहून घ्या. धर्मादाय म्हणून आयकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरील व्यक्तीसाठी दरमहा २५ हजार रुपयांपर्यंतच्या शुल्काला जीएसटी माफ आहे. बिलात तो लावला असेल तर खुलासा मागा.

सातवी पायरी: करारावर सही करण्यापूर्वी

अनामत रक्कम किती, ती किती दिवसांत परत मिळते, मृत्यू झाल्यास किंवा दोन महिन्यांतच सोडल्यास काय, आणि रुग्णालयात हलवल्यावर त्या काळातील खाटेचे पैसे द्यावे लागतात का, ही कलमे नीट वाचा. केंद्रे स्थानिक पालकाचे नाव मागतात. मुले परदेशी असतील तर शेजाऱ्याचे किंवा दूरच्या भाच्याचे नाव नुसते भरायला म्हणून देऊ नये. रात्री दोन वाजता फोन उचलून रुग्णालयात येईल अशाच माणसाचे, त्याला विचारून, द्यावे.

रात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासासारखे उपचार करायचे की नाहीत, हा प्रश्न टाळावासा वाटतो. आई-वडिलांशी शांतपणे बोलून त्यांची इच्छा लिहून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. त्याची एक प्रत केंद्रातील फाइलमध्ये पहिल्या पानावर लावावी.

आठवी पायरी: पहिला महिना

सोबत औषधांची यादी, डिस्चार्ज कार्ड, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि त्यांचे सेल द्या, आणि घरातील एखादी रोजची वस्तूही द्या. वडिलांना त्यांचा जुना ट्रान्झिस्टर दिला होता; सकाळच्या बातम्या लागल्या की ते डोळे उघडत. पहिले काही दिवस "मला घरी ने" हे ऐकावे लागते. त्यावर खोटे आश्वासन देऊ नये, पुन्हा कधी येणार तो दिवस सांगावा आणि त्या दिवशी नक्की जावे.

पहिल्या महिन्यात वेगवेगळ्या वेळी जा. पांघरूण बाजूला करून टाचा आणि कमरेखालचा भाग स्वतः पाहा. लाली दिसली की त्याच दिवशी सिस्टरना दाखवा, कारण बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, दोन-तीन दिवसांत वाढतो आणि भरायला महिने घेतो. दर आठवड्याला वजनाची नोंद विचारा. कर्मचाऱ्यांना नावाने हाक मारा आणि काही चुकले तर मावशींना न रागावता प्रमुखांशी बोला, कारण चूक अनेकदा एका माणसावर दहा रुग्ण टाकणाऱ्या व्यवस्थेची असते. तरीही दाद मिळाली नाही, तर तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. नोंदणी देणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे तिची प्रत पाठवता येते, आणि सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विनामूल्य उपलब्ध असते.